देवळालीच्या मास्तरांचे वजन

वेल्ह्याच्या पुढे केळदकडे निघालेल्या वाटेवर पासली नावाचे गाव लागते. चहूकडे डोंगर, उतारावर भातखाचरे, आणि पावसाळ्यात पाऊस असा, की समोरचे घर दिसू नये. १९८८ सालच्या पावसाळ्यात मी बँकेच्या एका ग्रामीण शाखेत फील्ड ऑफिसर होतो. पीककर्जाच्या पाहणीसाठी मोटारसायकलवरून पासलीला गेलो आणि पावसाने मला तिथल्या किराणा दुकानाच्या ओसरीवर दीड तास अडकवून ठेवले. त्या दीड तासात माझ्या हुशारीचा जो निकाल लागला, तो आज इतक्या वर्षांनंतरही मला आठवतो.

ओसरीवर शाळेचे गुरुजी होते आणि घरी जायला निघालेली, पण पावसाने थांबलेली चार-पाच मुले. गुरुजींनी खिशातून मातीच्या नऊ गोट्या काढल्या. दिसायला सगळ्या सारख्या. मात्र एकीच्या पोटात सायकलच्या बेअरिंगचा छर्रा दाबून भरलेला, त्यामुळे ती किंचित जड. हाताला फरक कळण्यासारखा नव्हता. दुकानदाराने तागडी दिली, वजने मात्र द्यायची नाहीत असे ठरले. अट एकच. तागडी फक्त दोनदा उचलायची आणि जड गोटी ओळखायची.

बँकेत आम्हाला सगळे अर्धे-अर्धे करण्याची सवय. मी चार गोट्या एका पारड्यात, चार दुसऱ्यात टाकल्या आणि एक बाजूला ठेवली. डावे पारडे खाली गेले. त्या चारांतल्या दोन इकडे, दोन तिकडे टाकल्या. पुन्हा एक पारडे खाली गेले. उरल्या दोन गोट्या आणि माझ्या दोन्ही संधी संपल्या. चौथीतल्या एका मुलीने तागडी माझ्या हातातून घेतली. तिने तीन गोट्या इकडे, तीन तिकडे टाकल्या आणि तीन जमिनीवर ठेवल्या. पारडी समतोल राहिली, म्हणजे जड गोटी जमिनीवरच्या तिघींत होती. त्या तिघींतली एक इकडे, एक तिकडे, एक खाली. डावे पारडे खाली गेले. तिने ती गोटी माझ्या तळहातावर ठेवली आणि छत्री घेऊन निघून गेली.

चूक कुठे झाली ते मला गुरुजींनी समजावून सांगितले. तागडी दोन उत्तरे देते असे मी धरून चाललो होतो, डावे किंवा उजवे. खरे तर ती तीन उत्तरे देते: डावे जड, उजवे जड, किंवा दोन्ही सारखे. सारखे म्हणजे उत्तर मिळाले नाही असे नव्हे. तेही एक उत्तरच, आणि पारड्यात न ठेवलेल्या वस्तूंविषयी तेच बोलते. एका वजनात तीन उत्तरे, तर दोन वजनांत तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ. गोट्या नऊच होत्या, त्या उगाच नव्हे. पुढे गुरुजींनी एक नाव घेतले. असल्या आकड्यांच्या आणि कोड्यांच्या नादात सारा जन्म घालवलेला एक शाळामास्तर नाशिकजवळ देवळालीला होता आणि दोनच वर्षांपूर्वी तो गेला, असे त्यांनी सांगितले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव मी त्या ओसरीवर प्रथम ऐकले. जगातल्या गणितप्रेमींना ते माझ्या आधी कितीतरी वर्षे ठाऊक होते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचे वेड होते. कुंडली मांडायची तर आकडेमोड आली, आणि आठव्या वर्षी आई गमावलेल्या या मुलाला वडिलांनी जी विद्या शिकवली ती हीच. भविष्य बाजूला राहिले, आकडे मात्र मुलाच्या मनात बसले. ठाण्यात माध्यमिक शाळेत असतानाच कोडी सोडवणे हा त्यांचा खेळ झाला. इतर मुले खेळ मोठेपणी सोडतात, यांनी तो अखेरपर्यंत सोडला नाही.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले होते आणि तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते याच फर्ग्युसनचे प्राचार्य होते. त्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक स्वतंत्र कामासाठी दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० साली देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून ते रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. बत्तीस वर्षे एक गाव आणि एक फळा. चरित्र एवढ्यात संपावे असे हे आयुष्य. पण त्याच्या आत दुसरे एक आयुष्य चालू होते.

मुंबईकडच्या आगगाडीच्या मार्गावरचे डोंबिवली स्थानक आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथे १९२३ साली कापरेकरांना संख्यांची एक कल्पना सुचली आणि त्या संख्यांना त्यांनी स्थानकाच्या नावावरूनच डेम्लो संख्या म्हटले. १, १२१, १२३२१ अशी ही चढत-उतरत जाणारी मालिका आहे. नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. गाडीची वाट पाहणारा माणूस घड्याळ पाहतो. हे गृहस्थ अशा वेळी काय करीत होते, ते एवढ्यावरून समजावे.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्या घ्या. ४५चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. ५५चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. संख्या वर्गाच्या पोटात शिरते, फुटते आणि पुन्हा स्वतःच होऊन बाहेर येते.

पण त्यांची कीर्ती ज्या एका संख्येवर उभी आहे ती ६१७४. हा गुणधर्म त्यांना १९४६ साली आढळला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक एकसारखे नसावेत एवढेच पथ्य. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. कापरेकरांच्याच जन्मवर्षापासून सुरुवात करू. १९०५चे अंक उतरत्या क्रमाने ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. पुढे ८७२१ वजा १२७८, म्हणजे ७४४३. मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि शेवटी ७६४१ वजा १४६७, म्हणजे ६१७४. आता ६१७४वर तीच क्रिया करून पाहा. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. इथून सुटका नाही.

कोणत्याही संख्येने निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हे घर येते. १९०५ला पुऱ्या सात पायऱ्या लागतात. मी सहज म्हणून त्यांच्या मृत्यूचे वर्षही घेऊन पाहिले. १९८६ची पहिली वजाबाकी ८१७२ येते, म्हणजे जन्मवर्षाची वाट आणि मृत्युवर्षाची वाट तिथे एकमेकींना मिळतात आणि पुढे बरोबरच चालतात. याला काही अर्थ आहे असे मी म्हणत नाही. वडिलांच्या ज्योतिषातून बाहेर पडलेल्या माणसाविषयी लिहिताना तर मुळीच म्हणू नये.

आता दुसरी बाजू सांगायला हवी, कारण कापरेकरांच्या आयुष्यात तीच जास्त वर्षे जड राहिली. त्यांच्या या संशोधनाला आपल्याकडचे अनेक गणिती हसत. हे क्षुल्लक आहे, यातून काही निष्पन्न होत नाही, असे त्यांचे मत. हे मत केवळ हेव्यातून आलेले नव्हते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. रामानुजनला इंग्लंडला बोलावून घेणारे हार्डी यांनी १९४० साली गणितज्ञाच्या जीवनावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात ८७१२ आणि ९८०१ या दोन संख्यांचे उदाहरण आहे. ८७१२ म्हणजे तिच्याच उलट्या रूपाची, २१७८ची, चौपट. ९८०१ म्हणजे १०८९ची नऊपट. वर्तमानपत्री कोड्यांना हे ठीक, पण गंभीर गणितात याला स्थान नाही, असा हार्डींचा निवाडा होता. कारणही सरळ आहे. आपल्या हाताला दहा बोटे म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. बोटे आठ असती, तर ६१७४ हा चमत्कार या रूपात राहिला नसता. म्हणजे हा गुण संख्येचा कमी आणि ती लिहिण्याच्या पद्धतीचा अधिक. नावातली अक्षरे मोजून माणसाचा स्वभाव सांगण्यासारखेच हे, असे कुणाला वाटले तर त्याला लगेच दोष देता येत नाही.

माझेही मत बरीच वर्षे असेच होते. ते बदलले तागडीच्याच दुसऱ्या एका कोड्याने, आणि तेही पासलीच्या गुरुजींच्या वहीत होते.

हे कोडे असे. नाणी बारा. त्यांतले एक खोटे. पण ते जड आहे की हलके हे ठाऊक नाही. तागडी फक्त तीनदा उचलायची, खोटे नाणे ओळखायचे आणि ते जड की हलके तेही सांगायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कोड्याने इंग्लंड-अमेरिकेत धुमाकूळ घातला. युद्धाच्या कामावरचे शास्त्रज्ञ यात एवढा वेळ दवडतात, तर हे कोडे विमानातून शत्रूवरच टाकावे, असे तिकडे थट्टेने म्हटले जाई. १९४५ साली न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात हॉवर्ड ग्रॉसमन यांनी त्यावर लिहिले. १९४६ साली, म्हणजे कापरेकरांना ६१७४ सापडली त्याच वर्षी, इंग्लंडच्या ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्ये फ्रीमन डायसन यांचा लेख आला. पुढे भौतिकशास्त्रात मोठे नाव झालेले डायसन तेव्हा विशीत होते. आणि त्याच ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त १९४९पासून देवळालीच्या मास्तरांची टिपणे छापून येऊ लागली. १९५५ साली ६१७४वरचे टिपणही तिथेच आले. बारा नाणी आणि ६१७४ ही एका घरात नांदलेली भावंडे आहेत, एवढे म्हणायला हरकत नाही.

डायसन यांच्या उत्तरातली युक्ती मी साध्या मराठीत सांगतो. प्रत्येक नाण्याला तीन अक्षरांचे नाव द्या. अक्षरे तीनच: ‘डा’ म्हणजे डाव्या पारड्यात, ‘उ’ म्हणजे उजव्या पारड्यात, ‘बा’ म्हणजे बाहेर. पहिले अक्षर पहिल्या वजनाचे, दुसरे दुसऱ्याचे, तिसरे तिसऱ्याचे. बारा नावे अशी:

डा-उ-डा, डा-उ-उ, डा-उ-बा, डा-डा-उ;
उ-बा-डा, उ-बा-उ, उ-बा-बा, उ-उ-बा;
बा-डा-डा, बा-डा-उ, बा-डा-बा, बा-बा-डा.

मोजून पाहा. पहिल्या जागी चार वेळा डा, चार वेळा उ, चार वेळा बा. दुसऱ्या जागी तसेच, तिसऱ्या जागी तसेच. म्हणजे दर वेळी चार नाणी डावीकडे, चार उजवीकडे आणि चार बाहेर. आता डोके चालवायचे कामच उरत नाही. नावाप्रमाणे नाणी ठेवा आणि दर खेपेला तागडी काय म्हणते ते लिहा. डावे खाली गेले तर डा, उजवे गेले तर उ, सारखे राहिले तर बा. तीन वजने झाली, की तीन अक्षरांचा एक शब्द हाती येतो. तो यादीत असेल, तर त्या नावाचे नाणे खोटे आणि जड. यादीत नसेल, तर डाच्या जागी उ आणि उच्या जागी डा करा, बा तसाच ठेवा. मिळेल ते नाव खोट्या नाण्याचे, आणि ते हलके.

एक उदाहरण घेऊ. तागडीने सांगितले डा-बा-डा. यादीत हा शब्द नाही. उलटा केला तर उ-बा-उ, हा आहे. ते नाणे हलके. ताळा करा: ते पहिल्यांदा उजवीकडे होते, हलके म्हणून डावे पारडे खाली गेले. दुसऱ्यांदा ते बाहेर होते, म्हणून पारडी सारखी राहिली. तिसऱ्यांदा पुन्हा उजवीकडे, म्हणून पुन्हा डावे खाली.

बाराच नाणी का, तेरा का नाहीत? तीन अक्षरांचे शब्द एकंदर सत्तावीस. बा-बा-बा सोडला, कारण त्या नावाचे नाणे कधी पारड्यातच जाणार नाही. उरले सव्वीस, म्हणजे सरळ आणि उलट अशा तेरा जोड्या. पण तेराही जोड्या वापरायच्या म्हटल्या, तर पहिल्याच खेपेला नऊ नाणी पारड्यांत येतात आणि नऊचे दोन सारखे भाग होत नाहीत. म्हणून डा-डा-डा आणि उ-उ-उ ही जोडी वगळायची. राहिल्या बारा.

यात मला महत्त्वाचे वाटते ते असे. नाण्याला दिलेले नाव म्हणजे तीनच अंकांच्या पद्धतीत लिहिलेली एक संख्या आहे. नाण्यांचे कोडे सुटते ते त्या संख्येच्या मोठेपणाने नव्हे, तर तिच्या लिहिण्याने. कोणता अंक कोणत्या जागी आहे याने. फ्रान्सच्या बाशे याने १६१२ सालच्या आपल्या पुस्तकात १, ३, ९ आणि २७ या चार वजनांनी १ ते ४० पर्यंतचे कोणतेही वजन करून दाखवले. त्याच्या मुळाशी हीच कल्पना. वीस किलो धान्य तोलायचे तर एका पारड्यात २७ आणि ३, दुसऱ्यात धान्याबरोबर ९ आणि १. पासलीच्या दुकानदारालाही हे पटले असते. म्हणजे लिहिण्याची पद्धत हा निव्वळ योगायोग, तिच्याशी खेळणे पोरकट, हा निवाडा सरसकट खरा नाही. दहाच्या पद्धतीत संख्या काय करामती करते हे पाहणारा माणूस ज्या अंगणात खेळत होता, त्याच अंगणाच्या कोपऱ्यात बारा नाण्यांची चावी पडलेली होती.

त्यामुळे ६१७४ उपयोगी ठरते का? नाही. डायसन यांनी लेखनपद्धतीचे हत्यार केले. कापरेकरांनी ती नुसती निरखली. हा फरक लहान नाही आणि मी तो पुसणार नाही. पण निरखण्यातही एक शिस्त असते. कापरेकरांनी संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवण्याची साधी क्रिया घेतली. १५मध्ये १ आणि ५ मिळवले की २१, २१मध्ये २ आणि १ मिळवले की २४, २४पासून ३०. १५ ही २१ची जननी. कधी एका संख्येला दोन जननी असतात: ९१पासूनही १०१ आणि १००पासूनही १०१. मग त्यांनी उलटा प्रश्न विचारला. जिला जननीच नाही अशी संख्या असते का? असते. २० कोणत्याही संख्येपासून जन्मत नाही. ३१ नाही, ४२ नाही, ५३ नाही. या स्वयंभू संख्यांवर त्यांनी १९६३ साली देवळालीहून स्वतःच पुस्तिका छापली. या संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. पुढे सत्तरीच्या दशकात कोलंबियातल्या एका गणितप्रेमीने हाच प्रश्न स्वतंत्रपणे मांडला आणि त्यांना कोलंबियन संख्या असे आणखी एक नाव चिकटले. विद्यापीठाचे पाठबळ नसलेल्या माणसाच्या शोधावर नाव टिकणे किती कठीण, ते इथे दिसते.

देवळाली या नावाची आणखी एक गंमत. तिथल्या लष्करी छावणीत बोटीची वाट पाहत खितपत पडलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजीत वेड्यासाठी ‘डूलॅली’ असा शब्दच रूढ झाला. त्याच देवळालीचे नाव या वेड्या मास्तरांमुळे संख्यांना मिळाले.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटले, आनंद देणारी. ६१७४च्या अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ला १८ने भागले की ३४३, म्हणजे ७ गुणिले ७ गुणिले ७. म्हणजे त्यांची लाडकी संख्या हर्षदही आहे. लोक त्यांना गणितानंद म्हणत, ते काही उगाच नाही. शाळाशाळांतून त्यांना बोलावणे येई आणि ते मुलांपुढे बोलत. विद्वानांच्या सभेत ज्यांचे वजन भरत नव्हते, त्यांचे वर्गात भरत होते.

पुस्तिका स्वतः छापण्याचा उल्लेख मी मघाशी केला. तिथे मला एक कबुली द्यायची आहे. पासलीचे ते गुरुजी पुढच्या वर्षी आमच्या शाखेत आले. मुलांसाठी तागडीच्या आणि अंकांच्या कोड्यांची चाळीस पानांची पुस्तिका त्यांना छापायची होती. रक्कम मोठी नव्हती. पगारावर परत फेडण्याची त्यांची तयारी होती. अर्जात ‘कर्जाचे प्रयोजन’ असा एक रकाना असतो. त्यात त्यांनी प्रामाणिकपणे पुस्तिका छापणे असे लिहिले होते. घरदुरुस्ती लिहिले असते, तर मी डोळे मिटून सही केली असती. मी ते प्रयोजन अनुत्पादक ठरवले. नियमाने मी चुकलो असे कुणीही म्हणणार नाही. म्हणून तर ते सलते. गुरुजी रागावले नाहीत. वही मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेले, मला वेळ मिळेल तेव्हा चाळावी म्हणून. काही महिन्यांत माझी बदली झाली आणि वही सामानाबरोबर आली. ती परत करायला मी पासलीला गेलो तेव्हा गुरुजींचीही बदली झालेली होती. पुस्तिका छापली गेली नाही.

कापरेकरांच्या पुस्तिका छापल्या गेल्या, कारण त्यांनी मंजुरीची वाट पाहिली नाही. शिक्षकाच्या पगारातून आणि नंतर तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून हा खर्च करणे म्हणजे काय, ते ज्याने असा संसार केला त्यालाच कळेल. १९६६ साली त्यांची पत्नी गेली. मूलबाळ नव्हते. निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा उतारवयात ते गणिताच्या आणि शास्त्राच्या शिकवण्या करू लागले. संख्यांचा नाद त्यांनी त्याही दिवसांत सोडला नाही.

मग मार्च १९७५ उजाडला. अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर गणिती करमणुकीचे सदर लिहीत असत. जगभरचे गणिती आणि गणिताचे शौकीन ते वाचत. त्या महिन्याच्या सदरात गार्डनर यांनी कापरेकरांच्या कामाची ओळख करून दिली. सत्तरी गाठलेल्या मास्तरांचे नाव एका महिन्यात जगभर गेले. काम तेच होते, संख्या त्याच होत्या, माणूसही तोच. फक्त दुसऱ्या पारड्यात काय ठेवले ते बदलले होते. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ साली, देवळालीतच त्यांचे निधन झाले. आज जगातल्या कितीतरी शाळांत मुलांना वजाबाकीचा सराव कंटाळवाणा होऊ नये म्हणून ६१७४चा खेळ खेळवतात, आणि त्या खेळाला कापरेकरांचेच नाव आहे. तीन अंकांनी खेळले तर मुक्काम ४९५वर होतो.

तागडीत वजने न ठेवता तोलले, तर तागडी कुणाचेच वजन सांगत नाही. ती फक्त तुलना करते. हे पारडे जड, ते हलके, एवढेच. कापरेकरांना हसणाऱ्यांनी त्यांना मोठ्या गणितींच्या समोरच्या पारड्यात बसवले आणि ते वर गेले, यात नवल नाही. पण एका पारड्यात बत्तीस वर्षे शिकवलेली मुले, शाळाशाळांतून रंगवलेले तास आणि आजही कुठेतरी वजाबाकी करीत ६१७४पाशी येऊन थबकणारे कुणीतरी ठेवले, तर दुसऱ्या पारड्यात काय ठेवावे हे मला तरी सुचत नाही. आयुष्यभर कर्जे मंजूर-नामंजूर केलेल्या माणसाने हे फार उशिरा लिहिले, हेही खरे.

बारा नाण्यांची ती बारा नावे मी वर दिली आहेत, ती गुरुजींच्या वहीतूनच उतरवून. त्यांनी ती कुठून मिळवली, ते मी त्यांना कधी विचारले नव्हते. वहीत त्यापुढे आणखी बरीच कोडी आहेत. पानांच्या कडा आता तुटू लागल्या आहेत. यंदा पाऊस उघडला की ती झेरॉक्स करून पासलीच्या शाळेत नेऊन द्यायची, असे ठरवले आहे. या वेळी प्रयोजन विचारणारे कुणी नाही.